विश्लेषण : चिप कंपनीतली नोकरी मुरबाडपासून किती दूर?

सेमीकंडक्टर प्रकल्पाची घोषणा झाली की तिच्यासोबत हजारो नोकऱ्यांचा आकडा येतो. तळेगाव, तळोजा, महापे ही नावे गेल्या काही वर्षांत अशाच आकड्यांसह बातम्यांत आली. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत आयटीआय किंवा पदविका करून पडघा-भिवंडीच्या गोदामांत स्कॅनिंगचे काम करणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी या बातम्या वाचल्या जातात. पण या कंपन्यांत नेमके कोणते काम असते, मुलाखतीत काय विचारले जाते आणि तिथवर पोहोचायचे कसे, याची माहिती त्या बातम्यांत क्वचितच मिळते.

राज्यात सध्या काय आहे?

सुरुवात तळेगावपासून करावी लागते. वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प तळेगावला येणार, असे वाटत असतानाच सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने गुजरातशी करार केला. त्यावरून राज्यात मोठे राजकीय वादळ उठले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. म्हणजे ज्या नोकऱ्या ‘गेल्या’ म्हणून भांडण झाले, त्या त्या स्वरूपात गुजरातलाही मिळाल्या नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३ हजार ९४७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. जागा पनवेल तालुक्यातील तळोजा. मात्र या दोन्ही कंपन्यांमधील बोलणी थांबल्याचे वृत्त २०२५ मध्ये ‘रॉयटर्स’ने दिले. महापे येथे आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या चिप जुळणी आणि चाचणी केंद्राचे उद्घाटन २०२४ मध्ये झाले. मुरबाडकरांच्या दृष्टीने या उद्योगातील हे सर्वांत जवळचे ठिकाण.

केंद्राच्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमाची घोषणा डिसेंबर २०२१ मध्ये झाली. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्याअंतर्गत सहा राज्यांतील दहा प्रकल्पांना मान्यता मिळाली होती. त्यांत गुजरातचे चार, ओडिशाचे दोन, आणि आसाम, उत्तर प्रदेश, पंजाब व आंध्र प्रदेशचा प्रत्येकी एक. महाराष्ट्राचा या यादीत एकही नाही. त्यामुळे आजच्या घडीला कारखान्यातली नोकरी म्हटले की साणंद आणि धोलेरा, आणि संगणकावरची नोकरी म्हटले की बंगळूरु, हैदराबाद किंवा पुणे.

‘चिप कंपनीतली नोकरी’ म्हणजे नक्की कुठली?

या दोन शब्दांखाली किमान तीन वेगळे व्यवसाय येतात, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. पहिला व्यवसाय चिपच्या आराखड्याचा. यात कारखाना नसतो, संगणक असतो. एन्व्हिडिया, मार्व्हेल, एनएक्सपी यांची पुण्यात कार्यालये आहेत ती याच प्रकारची. जगातील चिप आराखडा करणाऱ्या अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असे केंद्र सरकार सांगते. इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरशी ज्यांचे नाव जोडले जाते ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. म्हणजे या कामात आपण नवखे नाही. पण इथे अभियांत्रिकीची पदवी आणि बहुतेक वेळा पदव्युत्तर शिक्षण लागते.

दुसरा व्यवसाय ‘फॅब’चा. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो प्रक्रिया करून प्रत्यक्ष चिप घडवण्याचा हा कारखाना. एका चकतीला आत शिरल्यापासून बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीच्या मदतीने धोलेरा येथे जे उभारत आहे, ते हेच. तिसरा व्यवसाय जुळणी आणि चाचणीचा. फॅबमधून आलेली चकती कापायची, प्रत्येक तुकडा चौकटीवर बसवायचा, केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या बारीक तारेने जोडायचा, आवरणात बंद करायचा आणि तपासायचा. साणंदला मायक्रॉन, सीजी आणि केन्स हेच करतात आणि महाप्याचे केंद्रही याच प्रकारात मोडते. आयटीआय आणि पदविकाधारकांसाठी खरी दारे इथे आहेत.

याशिवाय एक चौथा गट असतो, ज्याची जाहिरातीत फारशी चर्चा होत नाही. चिपचा कारखाना चालतो तो वातानुकूलन, अतिशुद्ध पाणी, वायूंच्या नळ्या, अखंड वीज आणि सांडपाणी प्रक्रियेवर. मुरबाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात तीन-चार वर्षे चिलर किंवा पाणी शुद्धीकरण संयंत्र सांभाळलेल्या फिटरला चिपबद्दल काहीही माहिती नसली तरी त्याचा अनुभव इथे मोजला जातो. नव्या पदविकाधारकापेक्षा कधी कधी जास्तच.

गुंतवणूक एवढी, मग जागा कमी का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धोलेरा, जागीरोड (आसाम) आणि साणंद येथील तीन प्रकल्पांना एकत्रित मान्यता दिली. गुंतवणूक अनुक्रमे ९१ हजार, २७ हजार आणि ७ हजार ६०० कोटी. थेट रोजगार २० हजार, अप्रत्यक्ष ६० हजार असे तेव्हा सांगण्यात आले. भागाकार केला तर एका थेट नोकरीमागे सव्वासहा कोटींहून जास्त रुपये येतात. मायक्रॉनच्या साणंद प्रकल्पात २२ हजार ५१६ कोटींमागे थेट नोकऱ्या पाच हजार, म्हणजे एका नोकरीमागे साडेचार कोटी.

हा पैसा माणसांवर नव्हे, यंत्रांवर खर्च होतो. आधुनिक फॅबमध्ये वेफरच्या पेट्या छतालगतच्या रुळांवरून आपोआप फिरतात. कापडगिरणीने जसे एकेका गावातून शेकडो माणसे ओढून घेतली, तसे इथे होत नाही. जुळणी-चाचणीत माणसे तुलनेने जास्त लागतात. पण वर सांगितलेला ‘अप्रत्यक्ष’ रोजगार म्हणजे बहुतांश उपाहारगृह, सुरक्षा, वाहतूक, स्वच्छता आणि बांधकाम. ती कामे कमी प्रतीची नाहीत, पण घोषणेचा आकडा वाचताना दोन्ही रकाने वेगळे वाचायला हवेत.

मुलाखतीत काय विचारतात?

आराखड्याच्या कामासाठी साधारणपणे आधी लेखी किंवा संगणकावरील परीक्षा, मग दोन ते चार तांत्रिक फेऱ्या आणि शेवटी मनुष्यबळ विभागाशी बोलणे, असा क्रम असतो. विषय फार नसतात. खोली मात्र बरीच लागते. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, सीमॉस इन्व्हर्टर, व्हेरिलॉग आणि थोडी सी भाषा. नेहमी येणारा एक प्रश्न पाहण्यासारखा आहे. फ्लिप-फ्लॉपला घड्याळाच्या ठोक्याआधी काही काळ माहिती स्थिर मिळावी लागते, तो सेटअप टाइम. ठोक्यानंतरही ती काही काळ तशीच राहावी लागते, तो होल्ड टाइम. एवढे पाठ करून बहुतेक जण जातात. मग समोरून विचारले जाते : चिप तयार होऊन आली आणि त्यात सेटअपची चूक निघाली, तर ती वापरता येईल का? आणि होल्डची निघाली तर?

सेटअपची चूक घड्याळाचा वेग कमी केला की टळते. चिप हळू चालेल, पण चालेल. होल्डची चूक वेगावर अवलंबून नसते, त्यामुळे ती चिप टाकूनच द्यावी लागते. हे ज्याला कागदावर आकृती काढून सांगता येते तो पुढच्या फेरीत जातो. व्याख्या शब्दशः सांगून थांबणारा तिथेच थांबतो. दुसरा सापळा अर्जातल्या प्रकल्पाचा असतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणण्याची किंवा गटातल्या एकाने करून बाकीच्यांनी नाव लावण्याची पद्धत ठाऊक नाही असा मुलाखतकार नसतो. ‘यात तुम्ही स्वतः काय केले आणि काय बिघडले?’ या प्रश्नावर अर्धी मुलाखत निघते.

तंत्रज्ञाच्या पदासाठी प्रश्न साधे, पण वेगळ्या जातीचे. मल्टिमीटरने काय काय मोजता येते, मायक्रोमीटरचे वाचन, निर्वात पंप का लागतो, ओहमचा नियम. इंग्रजीत लिहिलेली कामाची सूचना वाचून तिचा अर्थ सांगायला लावतात. त्यासाठी हिंदी-मराठीत उत्तर दिले तरी अनेकदा चालते. डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी होऊ शकते. पाळीत काम करण्याची तयारी आहे का, हे हमखास विचारतात.

आणि मग एखादा प्रसंग दिला जातो. यंत्राने धोक्याचा इशारा दिला, उत्पादन थांबले, पर्यवेक्षक जेवायला गेला आहे; काय कराल? धडाडी दाखवण्याच्या नादात ‘मी यंत्र पुन्हा चालू करून पाहीन’ असे उत्तर देणारे पुष्कळ निघतात. इथे ते चुकीचे उत्तर आहे. एका पेटीत २५ वेफर असतात आणि अर्ध्या प्रक्रियेतल्या अशा पेटीची किंमत लाखोंत जाते. थांबणे, पेटी बाजूला नोंदवणे, कळवणे आणि सांगितल्याशिवाय हात न लावणे, हेच उत्तर अपेक्षित असते. गावाकडे तारेचा तुकडा लावून पंप चालू करणारा मुलगा हुशार ठरतो. ती हुशारी इथे काही काळ खुंटीला टांगून ठेवावी लागते.

आत काम कसे असते?

‘क्लीन रूम’ हा शब्द स्वच्छतेपेक्षा बराच कडक आहे. ‘क्लास टेन’ खोली म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे धूलिकण दहापेक्षा जास्त नसावेत. आपल्या नेहमीच्या खोलीत ते लाखोंनी असतात. जुळणीच्या खोल्यांचे निकष यापेक्षा सैल असतात, पण डोक्यापासून पायांपर्यंत झाकणारा पोशाख तिथेही चुकत नाही. पावडर, काजळ, टिकली, बांगड्या, अत्तर बाहेर. तंबाखू-मिश्रीचा तर प्रश्नच नाही. विडी ओढून आलेल्या माणसाच्या श्वासातून बराच वेळ कण बाहेर पडत राहतात, म्हणून आत जाण्याआधी धूम्रपानावर बंदी असते. पाणी प्यायला किंवा शौचाला जायचे तर सगळा पोशाख उतरवून पुन्हा चढवायचा. हे ऐकायला किरकोळ वाटते; पण पहिल्या काही महिन्यांतच काम सोडून जाणाऱ्यांना अशाच गोष्टींचा जाच झालेला असतो.

मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधावा लागतो. शरीरातून सुटणाऱ्या स्थिर विजेचा चटका आपल्याला साधारण तीन हजार व्होल्टनंतर जाणवतो, पण काही चिप शंभर व्होल्टलाच निकामी होतात. म्हणजे काही जाणवण्याच्या आतच नुकसान झालेले असते.

यंत्रे चोवीस तास चालतात, म्हणून माणसेही पाळीने. जगभरातील अनेक फॅबमध्ये बारा तासांच्या पाळ्या आहेत. तैवानच्या टीएसएमसीने अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये कारखाना काढला, तेव्हा लांबलेल्या तासांवरून तेथील कर्मचाऱ्यांत नाराजी पसरली. पाळीत काम करायची तयारी नसेल त्यांनी या उद्योगात येऊ नये, अशा आशयाचे उत्तर तेव्हाचे अध्यक्ष मार्क लिऊ यांनी २०२३ मध्ये दिले होते. आपल्याकडे राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली. म्हणजे हिशेबाने चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी. प्रत्यक्षात जादा तास किती लावले जातात आणि त्याचे पैसे कोणत्या दराने मिळतात, यावर सगळे अवलंबून.

रसायनांचा धोका किती?

हा विषय घोषणांत येत नाही, म्हणून थोडा विस्ताराने. फॅबमध्ये आर्सिन, फॉस्फिन यांसारखे विषारी वायू आणि हवेत येताच पेट घेणारा सिलेन वापरतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल अंगावर पडले तर अनेकदा लगेच आग होत नाही, म्हणून दुर्लक्ष होते; तोवर ते आत हाडापर्यंत इजा करते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप तातडीने लावावा लागतो. कारखान्यात हा लेप कुठे ठेवला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारण्यात लाज वाटायला नको.

दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिप कारखान्यांत काम केलेल्या तरुण कामगारांना रक्ताचा कर्करोग झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. कुटुंबीयांनी दहा वर्षांहून अधिक काळ लढा दिला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागून भरपाईची योजना मान्य केली. या लढ्यातील सर्वांत मोठी अडचण पुराव्याची होती. कोणत्या खोलीत कोणते रसायन वापरले गेले, याची माहिती व्यापारी गुपित म्हणून कामगारांना मिळत नव्हती. जुळणी-चाचणी केंद्रांत रसायने कमी असतात, तरी रोजची नोंद आणि वार्षिक वैद्यकीय तपासणीचा कागद कामगाराच्या हातात असणे तिथेही गरजेचे. कंत्राटी कामगाराच्या हातात तो बहुधा नसतो.

मुरबाड-शहापूरची अडचण कोणती?

महापे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात येते. या पट्ट्याला एमआयडीसी बारवी धरणाचे पाणी पुरवते. धरणाची उंची वाढवताना तोंडली, काचकोली, मोहघर या मुरबाड तालुक्यातील वस्त्यांना त्याची झळ बसली आणि बाधित कुटुंबातील एकाला नोकरी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने झाली. शहापूरची गोष्ट राज्यात सर्वांना ठाऊक आहे. भातसा, तानसा, वैतरणा मुंबईला पाणी देतात आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात. चिपचा कारखाना पाण्यावर चालतो, हे लक्षात घेतले तर या दोन तालुक्यांचा या उद्योगाशी संबंध आधीच जुळलेला आहे. पाणी तिथे पोहोचते. माणसाने पोहोचणे त्याहून अवघड आहे.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची चर्चा कित्येक निवडणुकांपासून सुरू आहे. सध्या एसटीने कल्याण गाठायचे, मग शिळफाट्याच्या कोंडीतून महापे, किंवा लोकलने ठाणे आणि पुढे नवी मुंबई. एका बाजूला दोन-अडीच तास धरले तर बारा तासांच्या पाळीनंतर झोपेला उरतात सात-आठ तास, तेही जेवण-आंघोळीसकट. शहापूरकरांना आसनगावची लोकल आहे. पण डोळखांब किंवा किन्हवलीच्या मुलीला आधी आसनगावला यावे लागते. रात्रीच्या पाळीला मुलींची संमती आणि सुरक्षित वाहतूक बंधनकारक असली, तरी कंपनीची गाडी फाट्यावर सोडते की दारात, हे घरच्यांच्या होकारासाठी निर्णायक ठरते. साणंदसारख्या ठिकाणी उलट वसतिगृह असते, पण घर पाचशे किलोमीटरवर राहते.

‘स्थानिकांना ८० टक्के’ या धोरणाचाही इथे फारसा उपयोग नाही. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी असलेल्या या अटीत ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी. त्यात मुरबाड आणि नागपूर सारखेच.

मोठी कंपनी म्हणजे कायमची नोकरी?

तसे नाही. हा उद्योग तेजी-मंदीच्या फेऱ्यांत चालतो. जागतिक चिप विक्री २०२३ मध्ये आठ टक्क्यांहून अधिक घटली आणि २०२४ मध्ये १९ टक्क्यांनी वाढली. पन्नास वर्षे या क्षेत्राची ओळख असलेल्या इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १५ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२५ मध्ये वर्षअखेरीस मनुष्यबळ सुमारे ७५ हजारांवर आणण्याचे. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याला १९८९ मध्ये आग लागल्यानंतर देशाचा हा उद्योग काही दशके मागे पडला. २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट दिलेली ‘विक्रम’ चिप त्याच मोहालीत तयार झाली. मधल्या काळात तिथे शिकलेल्या माणसांचे काय झाले असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय.

तयारी कुठे करता येईल?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप आराखड्याची पदवी आणि चिप निर्मितीची पदविका यांचे अभ्यासक्रम जाहीर केले. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५ हजार अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यात सहभागी महाविद्यालयांना महागडी आराखडा सॉफ्टवेअर वापरायला मिळतात. आपले महाविद्यालय त्यात आहे का, हे आसनगाव-शहापूर पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना विचारायला हवे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत, इंग्रजीत. आश्रमशाळेतून आलेल्या मुलासाठी विषयापेक्षा ही भाषाच मोठी भिंत ठरते. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाने वसतिगृहांत तांत्रिक इंग्रजीचा तासभर जरी रोज घेतला, तरी तो नव्या इमारतीपेक्षा उपयोगी पडेल.

आयटीआयच्या मुलांनी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि वातानुकूलन या शाखांकडे पाहावे. वर म्हटलेल्या चौथ्या गटात त्यांना मागणी असते. औषध कंपनीच्या स्वच्छ खोलीत केलेली शिकाऊ उमेदवारीही मुलाखतीत सांगण्यासारखी आहे. नोंदणी शुल्क, पोशाखाची अनामत, प्रशिक्षणाची फी अशा नावांनी कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तिथे नोकरी नाही एवढे निश्चित समजावे.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते आणि बहुतेक उमेदवार ‘नाही सर’ म्हणून उठतात. तेव्हा विचारण्यासारखे चार प्रश्न आहेत. नियुक्तिपत्र कंपनीचे की कंत्राटदाराचे? परदेशी किंवा परराज्यात प्रशिक्षणाला पाठवले तर किती वर्षांचे बंधपत्र? जादा तासांचा दर काय? आणि रात्रीची पाळी सुटल्यावर निघणारी बस कल्याणपर्यंतच येते, की मुरबाडपर्यंत?